सामना रंगात, नदीला पूर : थेट प्रक्षेपण आणि हवामानाचा इशारा

दूरचित्रवाणीवर अटीतटीचा सामना रंगात आलेला असताना पडद्यावर अचानक दुसरेच काही दिसू लागले, तर प्रेक्षकाची पहिली प्रतिक्रिया चिडण्याचीच असते. मग ती जाहिरात असो, वीज गेल्यामुळे आलेला अंधार असो किंवा वादळाचा इशारा. जगातील काही देशांनी मात्र प्रेक्षकांची ही नाराजी पत्करून एक रीत पाडली आहे. जीवितास धोका असेल, तर सामना कितीही महत्त्वाचा असला तरी त्यात व्यत्यय आणायचा आणि इशारा द्यायचा. आपल्याकडे क्रिकेटवर जीव टाकणारे प्रेक्षक कोट्यवधींच्या संख्येने आहेत आणि वीज, गारपीट, पूर यांचे संकटही दरवर्षीचेच. तरीही सामन्याच्या पडद्यावर आपल्या गावापुरता इशारा दिसल्याचा अनुभव येथील प्रेक्षकाच्या वाट्याला सहसा येत नाही. असे का होते, हे समजून घ्यायला मालेगावसारखे दुसरे उदाहरण मिळणे अवघड.

४ ऑगस्ट २०२४ हा रविवार होता. दुपारी पॅरिस ऑलिंपिकमधील भारत आणि ग्रेट ब्रिटन यांच्यातील हॉकीचा उपांत्यपूर्व सामना सुरू झाला. तो बरोबरीत सुटला आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये भारताने ४-२ असा जिंकला. त्याच दुपारी कोलंबोतील भारत-श्रीलंका एकदिवसीय सामन्यानेही पडदा व्यापला. सुटीचा दिवस आणि दोन सामने, म्हणजे क्रीडारसिकांना पर्वणीच. त्याच दिवशी नाशिक जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस कोसळत होता. धरणांतून पाणी सोडले जात होते आणि मालेगावजवळ गिरणा नदी फुगत चालली होती. मासेमारीसाठी नदीपात्रात गेलेले दहाहून अधिक जण पाण्याने वेढले गेले. त्यांना रात्र पात्रातील खडकावर काढावी लागली. दुसऱ्या दिवशी, ५ ऑगस्टला, हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने त्यांची सुखरूप सुटका केली.

पात्रात उतरलेल्या माणसांपर्यंत दूरचित्रवाणीचा इशारा पोचला नसता, हे खरेच. पण त्यांच्या घरी, गल्लीत आणि नदीकाठच्या वस्त्यांमध्ये त्या दुपारी अनेक पडदे सुरू होते. त्या पडद्यांवर कोलंबोतील आकाश दिसत होते, पॅरिसमधील मैदान दिसत होते. दिसत नव्हती ती गावाशेजारून वाहणारी गिरणा. ती दाखवावी, अशी सोयच त्या प्रक्षेपणात नव्हती.

मैदानावरचे हवामान, घरावरचे हवामान

खेळ आणि हवामान यांचा संबंध मराठी वाचकाला नवा नाही. २२ एप्रिल १९९८ रोजी शारजा येथे भारत-ऑस्ट्रेलिया सामन्यात वाळूचे वादळ आले, खेळ थांबला, षटके कमी झाली आणि भारतापुढे ४६ षटकांत २७६ धावांचे सुधारित लक्ष्य ठेवण्यात आले. सचिन तेंडुलकरची १४३ धावांची खेळी त्या वादळामुळेच अधिक लक्षात राहिली. २०२३ मध्ये अहमदाबादेतील आयपीएलचा अंतिम सामना २८ मे रोजी पावसामुळे होऊ शकला नाही. तो राखीव दिवशी सुरू झाला आणि ३० मेच्या पहाटे संपला.

अशा प्रसंगी समालोचक ढगांची चर्चा करतात, कॅमेरे आकाशाकडे वळतात आणि मैदानावरील पावसाची बित्तंबातमी देशभर पोचते. मात्र हे हवामान मैदानावरचे असते, प्रेक्षकाच्या घरावरचे नसते. १३ मे २०२४ च्या संध्याकाळी अहमदाबादेतील गुजरात आणि कोलकाता संघांचा सामना पावसामुळे रद्द झाल्याचे साऱ्या देशाने पाहिले. त्याच दिवशी दुपारी मुंबईत आलेल्या धुळीच्या वादळात घाटकोपर येथील अजस्र जाहिरात फलक कोसळला आणि १७ जणांचा बळी गेला. मैदानातील पाऊस खेळाडूंना तंबूत पाठवतो, प्रेक्षकाच्या गावातील पाऊस त्याच्या घरादारावर येतो. दूरचित्रवाणीला पहिल्याची खबर असते, दुसऱ्याची नसते. साऱ्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

नाशिक जिल्ह्याने हा विरोधाभास २६ नोव्हेंबर २०२३ रोजीही अनुभवला. त्या दिवशी अवकाळी पाऊस आणि गारपिटीने जिल्ह्यातील द्राक्षबागा आणि कांद्याला जबर तडाखा दिला. त्याच सायंकाळी तिरुअनंतपुरम येथे भारत-ऑस्ट्रेलिया ट्वेंटी-२० सामना खेळला गेला. भारत ४४ धावांनी जिंकला. जिल्ह्यातील शेतकऱ्याने तो विजय आडव्या झालेल्या बागेच्या काठावर बसून ऐकला असेल, तर त्यात नवल नाही.

गिरणेचे गणित

मालेगावला इशाऱ्याची गरज इतरांहून अधिक का, याचे उत्तर भूगोलात आहे. गिरणा आणि मोसम या नद्यांच्या संगमालगत हे शहर वसले आहे. मोसम तर शहराच्या मधूनच वाहते. मालेगाव तालुका पर्जन्यछायेत मोडतो, येथे पाऊस बेताचाच. पण गिरणेचा उगम पश्चिमेला सुरगाणा-कळवणच्या बाजूला, सह्याद्रीच्या रांगेत होतो आणि तेथे पाऊस धो-धो पडतो. कळवण तालुक्यातील चणकापूर आणि पुनद, बागलाणमधील हरणबारी आणि केळझर ही धरणे मालेगावच्या वरच्या अंगाला आहेत. ती भरली, की पाणी खाली सोडावे लागते. १९६९ मध्ये पूर्ण झालेले नांदगाव तालुक्यातील गिरणा धरण मात्र मालेगावच्या खालच्या बाजूला आहे. त्यामुळे त्याचा शहराला पुरापासून आडोसा मिळत नाही.

परिणामी मालेगावात ऊन पडलेले असतानाही गिरणेला पूर येऊ शकतो. खिडकीतून आकाश पाहून अंदाज बांधण्याची आपली जुनी सवय येथे उपयोगी पडत नाही. धोका डोळ्यांना दिसत नाही, तो कोणीतरी सांगावाच लागतो. जलसंपदा विभाग विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये जाहीर करतो, महसूल यंत्रणा तलाठी आणि पोलीस पाटलांमार्फत नदीकाठच्या गावांना सावध करते, कोठे दवंडी पिटली जाते, कोठे गाडीवरचा भोंगा फिरतो. हे सारे उपयुक्त आहे. मात्र दारे-खिडक्या लावून, आवाज मोठा करून सामना पाहणाऱ्या घरात भोंग्याचा आवाज शिरेलच असे नाही. यंत्रमागांच्या खडखडाटात तर तो मुळीच शिरत नाही.

अमेरिकेतील रीत आणि रोष

खेळात व्यत्यय आणून इशारा देण्याची पद्धत सर्वाधिक रुजली ती अमेरिकेत. तेथे टोर्नेडो नावाचे भोवऱ्यासारखे विध्वंसक वादळ काही मिनिटांत घरे उद्ध्वस्त करते. १९९७ पासून तेथे ‘इमर्जन्सी अलर्ट सिस्टिम’ कार्यरत आहे. राष्ट्रीय पातळीवरील संदेश प्रसारित करणे वाहिन्यांना बंधनकारक आहे. स्थानिक हवामानाचे इशारे देणे मात्र ऐच्छिक आहे. तरीही बहुतेक स्थानिक केंद्रे ते कर्तव्य मानतात. हे शक्य होते याचे कारण तेथील प्रक्षेपणाची रचना. राष्ट्रीय वाहिनीचा कार्यक्रम शहराशहरांतील स्थानिक केंद्रांमार्फत घरोघरी पोचतो. अटलांटातील केंद्राने सामना थांबवला, तरी न्यूयॉर्कमधील प्रेक्षकाला त्याची गंधवार्ताही नसते.

इशारा कोणाला द्यायचा, यातही तेथे सुधारणा होत गेली. पूर्वी संपूर्ण काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाला, सरसकट इशारा दिला जात असे. १ ऑक्टोबर २००७ पासून वादळाच्या प्रत्यक्ष मार्गानुसार नकाशावर आखलेल्या टापूलाच तो दिला जाऊ लागला. त्यामुळे विनाकारण घाबरणाऱ्यांची संख्या कमी झाली.

तरीही प्रेक्षकांचा रोष टळलेला नाही. १४ एप्रिल २०१९ रोजी गोल्फमधील प्रतिष्ठेच्या ‘मास्टर्स’ स्पर्धेची अंतिम फेरी होती. टायगर वूड्सने त्या दिवशी अनेक वर्षांच्या खंडानंतर पुन्हा मोठे विजेतेपद मिळवले. अटलांटातील एका वाहिनीच्या हवामान निवेदिका एला डॉर्सी यांनी टोर्नेडोचा इशारा देण्यासाठी या स्पर्धेचे प्रक्षेपण मध्येच थांबवले. त्यावरून त्यांना शिवीगाळ झाली, जिवे मारण्याच्या धमक्याही आल्या. गंमत अशी, की वादळाचा अंदाज असल्यामुळे संयोजकांनी अंतिम फेरीची वेळ आधीच अलीकडे ओढून सकाळी आणली होती. खेळ भरवणाऱ्यांनी इशारा मानला. खेळ पाहणाऱ्यांतील काहींना मात्र तो सहन झाला नाही.

याच अटलांटा शहराने त्याआधी एक वेगळा प्रसंग पाहिला होता. १४ मार्च २००८ रोजी जॉर्जिया डोम या बंदिस्त क्रीडागारात अलाबामा आणि मिसिसिपी स्टेट या विद्यापीठांचा बास्केटबॉल सामना सुरू होता. अखेरच्या क्षणी अलाबामाच्या मायकल रायलीने मारलेल्या तीन गुणांच्या फटक्याने बरोबरी झाली आणि सामना जादा वेळेत गेला. त्या जादा वेळेतच टोर्नेडो क्रीडागारावर आदळला. सामना नेहमीच्या वेळेत संपला असता, तर हजारो प्रेक्षक त्या वेळी रस्त्यावर असते. एका फटक्याने त्यांना छताखाली रोखून धरले. योगायोगाने जीव वाचले, ही समाधानाची गोष्ट. पण कोणतीही व्यवस्था योगायोगावर सोडता येत नाही.

जपानचा मधला मार्ग

सामना पूर्ण थांबवायचा की इशारा दडवायचा, या दोन टोकांमधला मार्ग जपानने काढला. तेथील एनएचके ही सार्वजनिक वाहिनी वादळ किंवा अतिवृष्टीच्या काळात मूळ चित्र थोडे लहान करून पडद्याच्या कोपऱ्यात सरकवते. मोकळ्या झालेल्या डाव्या आणि खालच्या पट्टीत इशारे, पावसाची माहिती आणि स्थलांतराच्या सूचना सतत दिसत राहतात. रोमन लिपीतील ‘एल’ अक्षरासारखी दिसणारी ही चौकट जपानी प्रेक्षकांच्या चांगल्या परिचयाची आहे. खेळ चालू राहतो, एकही क्षण चुकत नाही आणि धोक्याची माहितीही समोर राहते. अगदी तातडीचा प्रसंग असेल, तेव्हाच पूर्ण पडदा ताब्यात घेतला जातो. बंद असलेला संच आपोआप सुरू करू शकणारी इशारा-यंत्रणाही त्या देशात १९८५ पासून आहे.

आपल्याकडची स्थिती

भारतातील क्रीडावाहिनी उपग्रहामार्फत एकच चित्र साऱ्या देशाला दाखवते. भाषेनुसार समालोचन बदलते, पण मालेगावला एक चित्र आणि मदुराईला दुसरे, अशी सोय नसते. मालेगावचा पूर सगळ्या देशाच्या पडद्यावर दाखवणे व्यवहार्य नाही. देशात कोठे ना कोठे रोजच इशारा असतो. तसे केले, तर खेळापेक्षा इशारेच अधिक दिसतील. प्रक्षेपणाचे हक्क मोठ्या रकमा मोजून घेतलेले असल्याने त्या चित्रावर स्वतःचा मजकूर टाकण्याची मुभा स्थानिक केबलचालकाला सहसा नसते.

महत्त्वाचे सामने सर्वांना पाहता यावेत, यासाठी २००७ मध्ये संसदेने क्रीडा प्रक्षेपण संकेत (प्रसारभारतीसह अनिवार्य सहभागिता) कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्र खासगी वाहिन्यांनी प्रसारभारतीला देणे त्यामुळे बंधनकारक झाले. सामना सर्वांपर्यंत पोचवणे हे लोकहिताचे काम असल्याचे कायद्याने मानले. त्याच सामन्याच्या पडद्यावरून स्थानिक इशारा पोचवण्याचा विचार मात्र त्यात आलेला नाही.

दुसरीकडे, इशारा देण्याचे शास्त्र आपल्याकडे बरेच पुढे गेले आहे. भारतीय हवामानशास्त्र विभाग जिल्हावार इशारे देतो. पुढील तीन तासांसाठीचा ‘नाऊकास्ट’ हा तातडीचा अंदाजही प्रसिद्ध करतो. विदर्भ वगळता उर्वरित महाराष्ट्रासाठीचे हे काम मुंबईतील प्रादेशिक हवामान केंद्रातून चालते. विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात २,८८७ जण वीज पडून मृत्युमुखी पडले. हे पाहता अशा सूचनांचे मोल वेगळे सांगायला नको.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि सी-डॉट यांनी उभारलेल्या ‘सचेत’ यंत्रणेतून धोक्याच्या क्षेत्रातील मोबाइलधारकांना लघुसंदेश पाठवले जातात. त्यापुढचा टप्पा ‘सेल ब्रॉडकास्ट’चा. २० जुलै २०२३ रोजी सकाळी महाराष्ट्रातील असंख्य मोबाइल एकाच वेळी विचित्र आवाजात वाजू लागले आणि पडद्यावर आपत्कालीन सूचना झळकली. अनेकांची घाबरगुंडी उडाली. ती या यंत्रणेची चाचणी होती. या पद्धतीत ठराविक मनोऱ्यांच्या कक्षेतील सर्व मोबाइलवर एकदम संदेश जातो. कोणाचा क्रमांक माहीत असण्याची गरज नसते. मोबाइलवर सामना पाहणाऱ्यालाही तो संदेश चित्रावरच दिसतो. म्हणजे हातातील पडद्यापुरता हा प्रश्न सुटण्याच्या मार्गावर आहे. भिंतीवरच्या पडद्याचा प्रश्न तेवढा शिल्लक राहतो. दूरचित्रवाणी आणि आकाशवाणीलाही या व्यवस्थेत सामावून घेण्याचे उद्दिष्ट आहे.

पेटीतच दडलेली सोय

यावर उपाय शोधायला फार दूर जावे लागत नाही. सामना पाहताना पडद्याच्या एखाद्या कोपऱ्यात मध्येच काही आकडे उमटतात आणि क्षणात नाहीसे होतात, हे बहुतेकांनी पाहिले असेल. चोरून प्रक्षेपण करणाऱ्याचा माग काढण्यासाठी सेट टॉप बॉक्सचा तो ओळखक्रमांक दाखवला जातो. त्याला ‘फिंगरप्रिंटिंग’ म्हणतात. वर्गणी संपत आली, की पडद्यावर झळकणारा संदेशही याच वाटेने येतो.

देशातील केबलचे अंकीकरण ३१ मार्च २०१७ पर्यंत टप्प्याटप्प्याने पूर्ण करण्याचे ठरले होते. त्यानंतर घरोघरी आलेल्या पेट्यांसाठी नियमच असा आहे, की सर्व ग्राहकांना, ग्राहकांच्या ठराविक गटाला किंवा एकाच ग्राहकाला पडद्यावर संदेश पाठवण्याची क्षमता त्या व्यवस्थेत असली पाहिजे. याचा अर्थ मोसमकाठच्या वस्तीतील पेट्यांचा एक गट करून त्यांनाच पुराचा इशारा देणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. त्यासाठी मूळ वाहिनीच्या चित्राला हात लावावा लागत नाही, इतर गावांतील प्रेक्षकांना त्रास होत नाही. थकलेल्या वर्गणीची आठवण करून देणाऱ्या वाटेने वाढत्या पाण्याची सूचना का जाऊ नये, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. उरतो तो अधिकाराचा आणि जबाबदारीचा मुद्दा. असा संदेश कोणी द्यायचा, केबलचालकाने तो किती वेळात दाखवायचा आणि चुकला तर उत्तरदायी कोण, हे नियमाने ठरले पाहिजे.

इशारा कसा असावा

व्यत्यय जेवढा नेमका, तेवढा तो सुसह्य, हा जगभरच्या अनुभवाचा सारांश आहे. नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. इगतपुरीचा पाऊस आणि मालेगावचा पाऊस यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. म्हणून अलीकडे इशाऱ्यांत घाटमाथ्याचा वेगळा उल्लेख केला जातो, हे योग्यच आहे. पण मालेगावकराला घाटमाथ्यावरील इशाराही वाचावा लागतो, कारण तेथले पाणी पुढे त्याच्याच दाराशी येते. ‘नाशिक जिल्ह्यात मुसळधार पावसाची शक्यता’ या वाक्यापेक्षा ‘चणकापूरमधून विसर्ग वाढवला आहे, गिरणेच्या पात्रात उतरू नये’ हे वाक्य अधिक कामाचे. ते मराठीबरोबर उर्दूतही असावे, कारण शहरातील फार मोठ्या वर्गाची ती रोजची भाषा आहे.

रंगांची भाषाही समजून घ्यायला हवी. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे परिस्थितीवर लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सज्ज राहा. लाल म्हणजे तातडीने कृती करा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे पाऊस झाला तर तो ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.५ च्या पुढे ‘अत्यंत जोरदार’ मानला जातो. पिवळ्या इशाऱ्यासाठी सामना थांबवण्याची गरज नाही, खालची एक ओळ पुरेशी आहे. ऊठसूट व्यत्यय आणला, तर ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीची पुनरावृत्ती होईल आणि खऱ्या संकटाच्या वेळी कोणी मान वर करून पाहणार नाही. लाल इशारा किंवा धरणातून होणारा मोठा विसर्ग यांच्या बाबतीत मात्र शेवटच्या षटकाचाही मुलाहिजा बाळगण्याचे कारण नाही.

अशी सोय होईपर्यंत काही साध्या गोष्टी प्रत्येकाच्या हाती आहेत. मोबाइलमधील आपत्कालीन सूचनांची सोय बंद करू नये. वीज कडाडू लागण्यापूर्वीच दूरचित्रवाणी संच आणि डिश अँटेनाची जोडणी काढून ठेवावी. पावसाळ्यात नदीपात्रात उतरण्यापूर्वी वरच्या धरणांच्या विसर्गाची चौकशी करावी. घरात सामना पाहत बसलेल्याने बाहेर गेलेल्या आपल्या माणसाला एक फोन करावा. हुकलेला चेंडू पुन:प्रक्षेपणात दहा वेळा पाहता येतो. गिरणेचे पाणी चढू लागल्यावर काठ गाठायला मिळणारा वेळ मात्र एकदाच मिळतो.